टरफलांचं औषध

झिंग्यांच्या टरफलांचा वास एकदा अंगाला लागला की जाता जात नाही. साबण झाला, लिंबू झालं, बेसन झालं, कुणी तरी सांगितलं म्हणून स्टीलच्या चमच्यावर हात घासून पाहिले, तेही झालं. मला स्वतःला तो वास येणं कधीच बंद झालंय, पण दुसऱ्यांना येतो. आदिलाबादहून जैनथकडे जाणाऱ्या ऑटोत मी बसले की शेजारची बाई आधी पदर नाकाला लावते, मग पायाखाली कुणाची पिशवी आहे का बघते, मग माझ्याकडे. मी तिला फार वेळ कोड्यात ठेवत नाही. "माझाच वास आहे," म्हणते, "कॉलेजात शिकवते, झिंग्यांच्या टरफलांवर काम करते." यावर एकजण म्हणाली होती, "इतली शिकली अन् झिंगे सोलून राह्यली?" मी म्हटलं, सोलत नाही बाई, सोलून उरतं त्याचं काय करायचं ते बघते. ती म्हणाली, "फेकाचं, अन् काय कराचं." हल्ली मला वाटतं, तिचंच खरं होतं.

मी हे काम करत होते त्याच दिवसांत माझ्या आईच्या, आमच्या बोलण्यात मायच्या, डाव्या पायाला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. मायला शुगर आहे. पाय राहतो की जातो, एवढा एकच विषय आमच्या घरात होता. बाकी कापूस, पाऊस, दादाच्या ऑटोचं इंजिन, माझं लग्न, सगळं त्या पायाच्या मागे रांगेत उभं होतं. आणि मी टरफलांपासून जे बनवायला निघाले होते ते जखमेवर लावायचं होतं. असा योग कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आमच्याकडे समुद्र नाही. समुद्राचे झिंगे थर्माकोलच्या खोक्यांत बर्फ घालून आंध्राकडून गाडीनं येतात, आणि ज्यांना हॉटेलात मसाला लावून खायचे असतात ते सोलून मागतात. मासळीबाजारात ओळीनं बसलेल्या बायका एका हातानं डोकं मोडतात, दुसऱ्या हातानं साल ओढतात, आणि मांस एका बाजूला, टरफल दुसऱ्या बाजूला. दुपारपर्यंत टरफलांचा ढीग होतो. मग ते बाजारामागच्या उकिरड्यावर जातं आणि तिथं डुकरं, कुत्रे, कावळे आणि मी, असे आम्ही चौघे दावेदार. पहिल्यांदा मी रिकामी बादली घेऊन गेले तेव्हा बायका आपसात तेलुगूत हसल्या. मॅडमला पोट्टु पाहिजे, झिंग्यांचं पोट्टु, म्हणजे साल. एकीनं मला विचारलं, कोंबड्या पाळल्यात का. मी हो म्हणून टाकलं. एंझाइम, कायटीन, हे सगळं मासळीबाजारात उभं राहून कोण सांगत बसणार.

पण इथं सांगायलाच हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. झिंग्याच्या टरफलात ढोबळमानानं तीन गोष्टी असतात. एक चुना, आपण पानाला लावतो तसलाच म्हणा. दुसरं प्रथिन, म्हणजे मांसाचाच भाग. आणि या दोघांना धरून ठेवणारं एक चिवट जाळं, त्याला कायटीन म्हणतात. कामाची वस्तू ती. तिच्यावर आणखी एक प्रक्रिया केली की जो पदार्थ मिळतो त्याचा पातळ कागदासारखा पापुद्रा बनवता येतो, आणि तसला पापुद्रा जखमेवर ठेवला तर रक्त लवकर थांबतं, जखम ओलसर राहून भरायला मदत होते. हे मी शोधलेलं नाही, जगात ठाऊक आहे. कारखान्यांत चुना काढायला तीव्र आम्ल वापरतात, प्रथिन काढायला कॉस्टिक सोडा, आणि उरलेलं पाणी कुठल्या तरी नाल्यात सोडतात. माझं म्हणणं होतं की प्रथिन काढायला एंझाइम वापरावं. एंझाइम म्हणजे जिवंत पेशींनी बनवलेला पदार्थ, जो एकच काम करतो पण ते काम भांडण न करता करतो. मी त्या उकिरड्याखालचीच माती आणली, तिच्यातले जिवाणू वेगळे काढले आणि त्यांतला एक असा निघाला की टरफलावर सोडला की प्रथिन चाटून पुसून खाऊन टाकायचा. माझ्या अख्ख्या आयुष्यात मला त्या जिवाणूइतका प्रामाणिक सहकारी भेटला नाही.

अडचण पुढं होती. पहिली पायरी सुटली, पण शेवटची, कायटीनचा तो पापुद्र्याच्या लायकीचा पदार्थ करण्याची, ती एंझाइमनं सुटता सुटेना. कायटीनची वीण इतकी घट्ट की एंझाइमला आत शिरायला जागाच मिळत नाही. माझे मार्गदर्शक हैदराबादेत. फोनवर म्हणायचे, धीर धरा. त्यांना एसी होता, मोठं यंत्र होतं, चोवीस तास वीज होती. मी कंत्राटी लेक्चरर, माझ्याकडं कॉलेजची जुनी प्रयोगशाळा, एक वॉटर बाथ आणि एक फ्रिज, ज्यात माझ्या नळ्यांच्या शेजारी स्टाफचं दूध असायचं. वीज गेली की एंझाइम तापमानावरून घसरतं आणि चार दिवसांचं काम मातीत. धीर म्हणे.

आता मायचं. मायनं जन्मभर दुसऱ्याच्या शेतात काम केलं. कापूस वेचला, ज्वारी कापली, सोयाबीन सोंगलं. दादा ऑटो चालवायला लागला, मी कॉलेजात लागले, तेव्हा आम्ही दोघांनी तिला हात जोडून सांगितलं, आता बस्स. ती हो म्हणाली आणि आम्ही पाठ फिरवली की वेचणीला जायची. "घरी बसून का करू, भितीसंग बोलू?" म्हणायची. असंच एकदा पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, खुंट चपलेतून आरपार तळव्यात गेला. तिला कळलंच नाही. शुगरनं पायाची जाणीव गेली होती. संध्याकाळी चप्पल काढली तेव्हा आत रक्त दिसलं, आणि तरी ती आधी चप्पल धुवायला बसली.

शहरातल्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि मला बाजूला घेतलं. रोज ड्रेसिंग, शुगर ताब्यात, पायावर भार नाही, जखमेत दुसरं तिसरं काही घालायचं नाही. हे सगळं पाळलं तर पाय वाचेल. "आणि नाही पाळलं तर?" मी विचारलं. त्यांनी स्वतःच्या नडगीवर हात आडवा ठेवून दाखवला. तो हात मला अजून दिसतो.

दादा रोज तिला ऑटोत घालून जैनथच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगला न्यायचा. सुरुवातीला जखम भरत आल्यासारखी वाटली. आम्ही सगळे खूश. आणि याच खुशीत मायनं ती गोष्ट गावात सांगितली. रविवारी विहारात वंदना झाली की बायका तिथंच ओट्यावर बसतात. तिथं मायनं जाहीर केलं की तिची पोरगी पायाचं औषध बनवून राह्यली, झिंग्याच्या सालटापासून, आणि ते झालं की आधी तिला लागणार. मी कधी असं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं की असल्या पापुद्र्याचा पुढे जखमेवर उपयोग होतो. 'पुढे' हा शब्द विहाराच्या ओट्यापर्यंत पोचलाच नाही.

मग सुरू झालं. मी गावात गेले की म्हातारी माणसं पाय पुढं करायची. एकाला भेगा, एकाला गळू, एका काकूला इसब. "बाई, माह्यासाठी बी जरासक ठेवजो." मी समजावून सांगायचे, ते मान डोलवायचे आणि शेवटी पुन्हा तेच म्हणायचे. आमच्या वस्तीत शिकलेले पुष्कळ आहेत, मास्तर आहेत, क्लार्क आहेत. पण औषध बनवणारं कुणी नव्हतं. मायची मान त्या दिवसांत इतकी ताठ असायची की मला तिच्यावर चिडताही यायचं नाही. चिडत होते, ते आत.

एकदा दुपारी ती मला म्हणाली, "तू काय करतं ते मले बी सांग ना. लोकं पुसतेत अन् मले सांगता येत नाई." माझं मन पाघळलं. चौथी शिकलेली बाई आपल्या पोरीचा विषय विचारते आहे, याहून मोठं सुख कुठल्या मास्तरणीला असतं? मी टोपलीतली ज्वारीची शिळी भाकर घेतली, तुकडा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, हा तोंडात ठेव, चाव, गिळू नको, चावत राहा. ती चावत राहिली. बोळकं हलत होतं, डोळे माझ्यावर. थोड्या वेळानं म्हणाली, "गोड लागून राह्यलं."

"साखर नव्हती ना भाकरीत?"

"नाई."

"मग गोड कुठून आलं? तुझ्या थुंकीत एंझाइम आहे. त्यानं भाकरीतल्या पिठाची साखर केली. जाळ नाही, तेजाब नाही, नुसती थुंकी. मी टरफलांचं हेच करते. माझं एंझाइम थुंकीतलं नाही, दुसरं आहे, पण काम तसंच."

ती कितीतरी वेळ चावत बसली. मग गिळून म्हणाली, "मंग एवढं सोपं हाय ते?" आणि हसली. मी वर्गात कितीदा तरी एंझाइम शिकवलंय, पण इतकं छान कधीच उतरलं नव्हतं. परत येताना ऑटोत मी एकटीच हसत होते. शेजारची बाई नाकाला पदर लावून होती आणि मला काहीही वाटलं नाही.

थोड्याच दिवसांत जखम पुन्हा चिडली. कडा पांढऱ्या झाल्या, मध्ये खड्डा. दवाखान्यातल्या सिस्टरनं मायला झापलं की तुम्ही चालता. ती चालायचीच. आणि मग एका रविवारी तिनं मला स्पष्ट विचारलं, "तुहं औषध झालं का नाई?"

मी म्हटलं, "झालं नाही. आणि झालं तरी तुला लावणार नाही."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? आधी तपासावं लागतं. विषारी आहे का, जंतू आहेत का. मग प्राण्यांवर. मग मोठ्या दवाखान्यात, परवानगीनं. वर्षं जातात माय. माझ्याजवळ आता जो पापुद्रा आहे तो कोपऱ्यात तडकतो, त्याच्यावर बुरशी येते. तो मी कुत्र्याला लावणार नाही."

"मी सांगून राह्यली ना लाव म्हून. माहा पाय हाय."

"तुझा पाय आहे म्हणूनच नाही."

माझा आवाज चढला होता. मला चढतो, घरच्यांना सवय आहे. तीही गप्प बसणारी नाही. म्हणाली, "दुसऱ्याच्या मायसाठी बनवतं का मंग?" मी तशीच उठले आणि बाहेर जाऊन ऑटोत बसले. दादा हँडल धरून बसला होता. त्यानं ऑटो सुरू केली आणि वाटेत एवढंच म्हणाला, "तिले समजावून सांगाले पाह्यजे होतं." कपाळ माझं. समजावून सांगणं हा तर माझा धंदा.

पुढे सेमिस्टरच्या परीक्षा लागल्या. पेपर, ड्युट्या, आणि मधल्या वेळात प्रयोगशाळा. मला काही आठवडे गावी जाता आलं नाही. रोज फोन करत होते. मायचा आवाज चांगला असायचा. पाय कसा आहे विचारलं की म्हणायची, "भरून राह्यला." दादाही म्हणायचा की ती स्वतःच सांगते ड्रेसिंगला आता रोज नको, एक दिवसाआड जाऊ, आणि पुढे तर तेही नको म्हणाली. त्याला वाटलं बरं वाटतंय म्हणूनच म्हणत असेल. माझंही मन तेच मानून मोकळं झालं, कारण ते मानणं सोयीचं होतं. थंडी पडली होती, आमच्याकडची थंडी म्हणजे हाडात शिरते, आणि मी वॉटर बाथवर हात शेकत उभी राहायचे आणि म्हणायचे, एक काळजी तरी मिटली.

परीक्षा संपल्या त्या दिवशी न सांगता गेले. माय उन्हात ओट्यावर बसली होती, पाय लुगड्याखाली झाकून. मला पाहून तिचा चेहरा असा फुलला की विचारू नका. आणि मी अजून फाटकातच होते तेव्हा मला वास आला. माझाच वास, टरफलांचा, कुजलेल्या कवचाचा. मला स्वतःचा वास येत नाही हे मी वर सांगितलंय. त्यामुळे हा माझा नव्हता.

"माय, पाय दाखव."

"दाखवतो ना. बस तं खरं. पानी पे."

"पाय दाखव म्हटलं."

तिनं लुगडं सारलं. पायाला फडकं बांधलेलं होतं, दवाखान्याचं नाही, घरचं, जुन्या पातळाचं. ते सोडत सोडत ती बोलत होती, आणि तिच्या आवाजात जे होतं त्याला मी अभिमान सोडून दुसरा शब्द देऊ शकत नाही. "तुले सांगाचं नव्हतं आताच. पुरा भरला का मंगच दाखवणार व्हती. तू म्हनलं ना तुहं अजून तपासाचं हाय, तुले टाइम लागन. मी म्हनलं, आपन घरी करून पाहू." भोईवाड्यातली एक बाई पैनगंगेतून खेकडे आणायची. झिंगे काय, खेकडे काय, सालटं एकाच जातीची, असं मायनं ताडलं होतं, आणि त्यात ती अजिबात चुकली नव्हती. खेकड्याचं कवच तिनं उन्हात वाळवलं, पाट्यावर बारीक वाटलं. "जाळलं नाई," ती मला मुद्दाम म्हणाली. "तू म्हनलं व्हतं जाळ नाई लावत." आणि मग ती भुकटी रोज सकाळी, चूळ भरायच्या आधी, स्वतःच्या थुंकीत कालवून जखमेत भरायची.

आमच्याकडे सकाळची पारोशी थुंकी औषधी मानतात. गळवाला लावतात, गजकर्णाला लावतात, लहान लेकराच्या डोळ्याच्या रांजणवाडीला लावतात. माझ्या आजीनं मला लावलेली आहे. मायला ती ठाऊक होती जन्मापासून. तिच्या लेखी तिची लेक शहरात जाऊन, पुस्तकं वाचून, फिरून तिथंच आली होती. थुंकी आणि टरफल. दोन्ही तिच्या घरात होतं.

फडकं निघालं. मी त्या जखमेचं वर्णन करणार नाही. अंगठा काळा होता. शेजारचं बोटही.

"दुखतं?"

"नाई, बिलकुल नाई दुखत. म्हून तं म्हनतो, भरून राह्यला."

मी ओरडले नाही. लोकांना वाटतं मी ओरडले असेन. मी तिथंच, तिच्या पायाशी बसले, आणि तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं मी तिच्या पाया पडते आहे.

शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तिला दादाच्याच ऑटोतून नेलं. डॉक्टर तरुण होते, तेलुगू बोलणारे, आमच्याशी हिंदीत बोलत होते. जखम धुताना खालून करडी भुकटी निघत राहिली. "ये क्या डाला है इसमें?" त्यांनी विचारलं. दादा माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं. खेकड्याचं कवच. त्यांनी एकदा मायकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, आप क्या करती हैं? मी म्हटलं, पढ़ाती हूँ. काय शिकवते ते त्यांनी विचारलं नाही, हे उपकारच. विष वर चढत होतं. घोट्याच्या वरून कापावा लागेल, आणि उद्यावर ढकलता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. नडगीवर हात त्यांनी ठेवून दाखवला नाही. गरज नव्हती, मला जागा ठाऊक होती.

मायला सांगायचं काम माझ्यावर आलं. अर्थातच माझ्यावर. मी सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थुंकी कमी पडली का मंग? शुगरनं तोंड कोरडं पडतं सकाळी." मी म्हटलं, नाही माय, थुंकीचं काही नाही. "मंग वाटण जाडं राह्यलं असन," ती म्हणाली. तिला कारण हवं होतं, आणि कारण माझ्याजवळ होतं, पण ते सांगून मी तिचं काय भलं करणार होते? तुझी थुंकी वेगळी आणि माझं एंझाइम वेगळं, तोंडात जंतू असतात, भुकटीचे कण टोचतात, दुखत नव्हतं ते बरं झाल्यामुळे नाही तर पाय मेल्यामुळे, हे सगळं त्या वेळी तिला शिकवायचं? मी म्हटलं, "हो, वाटण जाडं राहिलं."

ऑपरेशन झालं. बाहेर येऊन वॉर्डातल्या माणसानं विचारलं, पाय तुम्ही नेणार की आम्ही लावू विल्हेवाट. आमच्याकडे माणसाचा अवयव असा उकिरड्यावर जाऊ देत नाहीत. दादानं तो पांढऱ्या कापडात गुंडाळून घेतला, ऑटोच्या मागच्या सीटवर, जिथं माय बसायची तिथं ठेवला आणि गावी नेऊन मसणवट्यात पुरला. एकटाच गेला. मी येते म्हटलं तर म्हणाला, तू तिच्यापाशी राह्य. परत आला तेव्हा त्याच्या नखांत माती होती आणि तो माझ्याशी पुष्कळ दिवस बोलला नाही. मला कुणी दोष देत नाही. तोही देत नाही. विहारातल्या बायकाही नाही. शुगर होती, नशीब खोटं, म्हणतात. मीही मला दोष देत नाही, किती वेळा उलटसुलट करून पाहिलं, मी तिला एकही गोष्ट चुकीची शिकवलेली नव्हती. त्यानं काय होतं? बरोबर शिकवलं आणि पाय गेला. मग बरोबरचं मी काय करू, चुलीत घालू?

काम मी सोडलेलं नाही, नोकरी त्याच्यावर टांगलेली आहे. टरफलं आणते, धुते, जिवाणू सोडते. नंतर एकदा एक पापुद्रा असा निघाला की काचेवरून अलगद सुटून आला, आरपार स्वच्छ, न तडकलेला. मार्गदर्शकांना फोटो पाठवला, त्यांनी अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. मी तो पापुद्रा तळहातावर घेतला. माझ्या तळहाताएवढाच होता. वर्गात मुलं विचारतात, मॅडम, हे बाजारात कधी येईल? मी म्हणते, पुस्तक उघडा. एंझाइमच्या धड्याला मी आता भाकरीचं उदाहरण देत नाही. फळ्यावर आकृती काढते, कुलूप आणि किल्लीची, पुस्तकात आहे तशी, आणि पुढे सरकते. मुलांना ती कळत नाही. न कळो.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचं एवढंच सांगायचं राहिलं. सकाळी तिची भूल पूर्ण उतरली होती. तिनं पांघरूण जिथं सपाट झालं होतं तिथं हात फिरवून पाहिला. रडली नाही. मी चमच्यानं पाणी पाजत होते.

"पाय कुठी ठेवला?" तिनं विचारलं.

दादा पहाटेच येऊन गेला होता, पण त्यानं तिला काही सांगितलं नव्हतं.

तिनंच पुढं विचारलं, "तू नेला ना कॉलेजात?"

मी चमचा वाटीत ठेवला.

"बरं केलं," ती म्हणाली. "आता त्याच्यावर लावून पाह्य तुहं औषध. जित्या मानसाले लावाची भीती वाटत व्हती ना तुले? आता बिनघोर लाव. माहा हाय म्हून हात आखडू नको."

मी हो म्हटलं.